क्रँकशाफ्टचा कारखाना आणि क्रँकशाफ्ट नसलेली गाडी

भारत फोर्ज या कंपनीची स्थापना १९६१ची. पुण्याजवळच्या मुंढव्याला प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं १९६६मध्ये. पण या कारखान्याची कुळकथा पुण्यात सुरू होत नाही, ती कऱ्हाडकडे जाते. कऱ्हाड तालुक्यातलं कोळे हे कंपनीचे संस्थापक नीळकंठराव कल्याणी यांचं गाव. घरात शेती आणि व्यापार. साताऱ्या-सांगलीच्या त्या पट्ट्याला कारखाना ही गोष्ट तेव्हाही नवखी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. ओगलेवाडीचे कंदील घराघरांत पोचले होते. शेतकऱ्याच्या पोरानं यंत्राच्या धंद्यात पडावं, यात गावाला धाडस दिसलं असेल, पण वेडेपणा नक्कीच वाटला नसेल. नीळकंठराव कल्याणींना या वाटेवर आणण्यात लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव किर्लोस्कर यांच्या प्रोत्साहनाचा मोठा वाटा होता, ही हकिकत पुण्याच्या कारखानदारीत आजही सांगितली जाते.

फोर्जिंगच का, याचं उत्तर त्या काळच्या निकडीत सापडतं. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६पासून उभी होती. जमशेदपूरला टाटांची टेल्को १९५४पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं ट्रक काढत होती. इंजिनं आणि ट्रक देशात बनू लागले होते. पण त्यांच्या पोटातले जे भाग सगळा मार खातात, ते घडवणारे मोठे कारखाने मोजकेच होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात क्रँकशाफ्ट बाहेरून आणणं परवडणारं नव्हतं. ज्याला ही गरज आधी दिसली आणि भट्टी लावायची हिंमत झाली, त्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागणार नव्हतं.

हा क्रँकशाफ्ट नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही, म्हणून थोडं थांबतो. इंजिनच्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला की पिस्टन खाली ढकलला जातो. त्या वर-खाली जाण्याचं गोल फिरण्यात रूपांतर करतो तो क्रँकशाफ्ट. ट्रकचं इंजिन लाखो किलोमीटर चालतं आणि तेवढा वेळ हा वेडावाकडा दांडा पिळला आणि वाकवला जात असतो. सरळ सळई कापून, कोरून तसा आकार काढता येईल. पण मग पोलादातल्या तंतूंची रेषा वळणावळणावर तुटते. सुतार बैलगाडीचं जू करताना लाकडाची रेषा पाहतो, आडव्या रेषेचं लाकूड घेत नाही, तसंच हे. फोर्जिंगमध्ये तापलेलं पोलाद दाबानं वळवतात, त्यामुळे तंतूही आकाराबरोबर वळतात. सगळी ताकद त्या वळण्यात असते.

काम असं चालतं. पोलादाचा चौकोनी किंवा गोल बिलेट मापात कापतात. इंडक्शन भट्टीत तो साधारण बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि नारिंगी-पिवळा होऊन बाहेर येतो. वर धरलेली काळपट पापुद्र्यांची खपली आधी झटकावी लागते. ती राहिली तर डायमध्ये दाबली जाऊन पृष्ठभागावर खड्डे पाडते. रोलमधून काढून पोलाद जिथं जास्त लागणार तिथं ते जमा करतात. मग पहिल्या डायमध्ये ढोबळ आकार, दुसऱ्या डायमध्ये पक्का. डायच्या दोन अर्ध्यांच्या सांध्यातून जास्तीचं पोलाद कडेनं बाहेर येतं, त्याला कारखान्यात सगळे फ्लॅश म्हणतात. ती तिथल्या तिथं छाटून टाकायची. पुढे ठरावीक वेगानं थंड करणं, छर्ऱ्यांचा मारा करून साफ करणं, मशिनिंग, बेअरिंग बसणाऱ्या जागा कडक करणं, वजनाचा तोल पाहणं आणि चुंबकानं केसाएवढी भेग शोधणं. ग्राहकाला चकचकीत शाफ्ट दिसतो. नफातोटा मात्र बऱ्याचदा त्या डायवर ठरतो. एक डाय किती नग टिकते, झिजली की किती वेळात बदलता येते, फ्लॅशमध्ये किती पोलाद वाया जातं, यावर पैशाचा हिशेब हलतो.

पहिल्या दोन दशकांत हे काम घणांवर होत असे. हॅमरवरचा माणूस हाच खरा कारागीर. तुकड्याच्या रंगावरून तो ताव ओळखायचा, घाव किती आणि किती जोराचे द्यायचे हे त्याच्या अंगात मुरलेलं असायचं. चिमट्यात तुकडा धरून फिरवणाऱ्याची आणि घण सोडणाऱ्याची जोडी जमलेली असावी लागे. उष्णता, धूर आणि कानठळ्या या कामाच्या पाचवीला पुजलेल्या. देशातल्या ट्रक आणि इंजिन कंपन्यांना ही फोर्जिंग पुरवून कारखाना स्थिरावला.

नीळकंठरावांचे चिरंजीव बाबा कल्याणी १९७२मध्ये कारखान्यात दाखल झाले. बेळगावच्या लष्करी शाळेत शिक्षण, पिलानीहून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि अमेरिकेतल्या एमआयटीतून एम.एस. असा त्यांचा रस्ता. परत आले ते परवान्यांच्या राज्यात, जिथं क्षमता वाढवायलाही दिल्लीची परवानगी लागे. त्यांच्या कारकिर्दीतला, आणि माझ्या मते या कारखान्याच्याही आयुष्यातला, सर्वांत मोठा निर्णय आला १९८०च्या दशकाच्या अखेरीस: जर्मनीच्या वाइनगार्टेन कंपनीची १६,००० टनी स्वयंचलित प्रेसची ओळ मुंढव्याला आणायची. कंपनीच्या तेव्हाच्या आकाराच्या मानानं ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. देशातल्या बाजाराला एवढ्या क्षमतेची गरज नव्हती. ती भरायची तर परदेशी गिऱ्हाईक हवं होतं, आणि परदेशी गिऱ्हाईक हिंदुस्थानातला माल घेईल याची कोणी हमी दिली नव्हती.

या निर्णयाची गोष्ट सांगताना यंत्राचंच कौतुक फार होतं. माणसांचं काय झालं, हे स्मरणिकांमध्ये सहसा दोन ओळींत आटोपतं. यंत्रमानव तुकडा उचलू लागले, संगणक दाब ठरवू लागला; मग चिमटे धरणाऱ्या हातांची गरज उरली नाही. जुनी मंडळी निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागी पदविका आणि पदवी घेतलेली पोरं आली. अंगमेहनतीच्या कामगारांचं बहुमत असलेला कारखाना काही वर्षांत तंत्रज्ञ आणि इंजिनीअरांच्या बहुमताचा झाला. याच्याशिवाय निर्यात झाली नसती, हे खरं. हॅमरवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या मुलाला त्याच फाटकातून आत जायचं तर आधी पॉलिटेक्निकच्या फाटकातून बाहेर यावं लागणार होतं, हेही खरं. पुढे पिलानीची संस्था आणि मुंबईची आयआयटी यांच्या साहाय्यानं नोकरी करतच शिकण्याची सोय कंपनीनं केली, ती याच बदलाची गरज म्हणून.

नव्वदीत अमेरिकन ट्रकच्या पुढच्या धुऱ्यांचे बीम आणि युरोपच्या इंजिनांचे क्रँकशाफ्ट मुंढव्याहून जाऊ लागले. मग २००४-०५ची खरेदी. जर्मनीत एनेपेटालची कार्ल डान पेडिंगहाउस ही जुनी फोर्जिंग कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. ती २००४च्या सुरुवातीला घेतली. पाठोपाठ त्याच घराण्याची सॅक्सनीमधल्या ब्रांड-एर्बिसडॉर्फची ॲल्युमिनियम फोर्जिंग कंपनी. २००५मध्ये अमेरिकेतल्या लान्सिंगची फेडरल फोर्ज आणि स्वीडनमधल्या कार्ल्सकूगाची इमात्रा किल्स्टा, तिच्यासोबत स्कॉटलंडमधला एक कारखाना. चीनच्या एफएडब्ल्यू या वाहन कंपनीबरोबर भागीदारीही झाली. वर्तमानपत्रांनी जगातली दुसऱ्या क्रमांकाची फोर्जिंग कंपनी म्हणून मथळे दिले. या सगळ्याच खरेद्या टिकल्या असं नाही. लान्सिंगचा कारखाना मंदीत बंद झाला, चीनची भागीदारी पुढे सोडून दिली. पण गिऱ्हाइकाच्या दाराशी बसल्यावर त्याच्या आराखड्याच्या टेबलावर खुर्ची मिळते, हे या काळात कंपनी शिकली.

यातली ॲल्युमिनियमची खरेदी तेव्हा कोणाच्या फारशी नजरेत भरली नाही. तिच्याकडे पुढे परत यावं लागेल.

२००८च्या मंदीनं अमेरिकेतल्या अवजड ट्रकची मागणी कोसळली. ट्रकचा धंदा तिथं तसाही भरती-ओहोटीचा आहे. वाहतूकदार दोन-तीन वर्षं भरमसाट गाड्या घेतात आणि मग हात आखडतात. या ओहोटीनं मात्र तळ दाखवला. वाहनांबाहेर गिऱ्हाईक शोधायची मोहीम त्यानंतर नेटानं सुरू झाली: तेल आणि वायूच्या विहिरी, वीजनिर्मिती, रेल्वे, विमानं, खाणी. कंपनीच्या बारामतीच्या कारखान्याचा यात वाटा आहे. अमेरिकेत खडक फोडून वायू काढण्याचा हंगाम जोरात असताना तिथल्या उच्च दाबाच्या पंपांचे भाग भारत फोर्जनं भरपूर घडवले. २०१४नंतर तेलाचे भाव गडगडले आणि तो धंदाही आपटला. वाहनांच्या चक्रातून सुटायला निघालेला कारखाना तेलाच्या चक्रात अडकला, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं.

आता विजेच्या गाड्यांकडे येऊ. या कारखान्याला पहिला हादरा विजेनं दिला नाही, डिझेलच्या धुरानं दिला. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनची उत्सर्जन-चाचणीतली लबाडी उघड झाली. तोवर पश्चिम युरोपात नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या असत; ते प्रमाण नंतर झरझर उतरलं. डिझेलमध्ये सिलिंडरमधला दाब पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणून तिथं ओतीवापेक्षा घडीव क्रँकशाफ्टला पसंती. मोटारीचं इंजिन डिझेलवरून पेट्रोलवर गेलं तरी फोर्जिंगचा वाटा घटतो. विजेवर गेलं तर तो प्रश्नच उरत नाही. २०२३मध्ये युरोपीय संघानं २०३५पासूनच्या नव्या मोटारींसाठी शून्य उत्सर्जनाचा कायदा केला. इकडे भारतात एप्रिल २०१९पासून विजेच्या गाड्यांना अनुदान देणाऱ्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी १०,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ हे उत्सर्जनाचं मानक लागू झालं. एकाच वेळी इंजिन अधिक स्वच्छ करायचं आणि इंजिन नसलेल्या गाडीचीही तयारी करायची, अशी दुहेरी कसरत साऱ्या पुरवठादारांच्या वाट्याला आली.

भारत फोर्जनं दोन वाटा धरल्या. पहिली होती दुसऱ्यांच्या विजेच्या गाड्यांत पैसे घालण्याची. २०१८मध्ये इंग्लंडच्या टेव्हा मोटर्समध्ये एक कोटी पौंड गुंतवले. ही कंपनी विजेचे ट्रक बनवत होती. त्याच वर्षी पुण्याच्याच टॉर्क मोटर्समध्ये ३० कोटी रुपये घातले आणि पुढे तिथला वाटा आणखी वाढवला. २०१९मध्ये जर्मनीच्या रेफू कंपनीबरोबर निम्म्या भागीदारीत इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरचं काम हाती घेतलं. बॅटरीतली एकदिश वीज मोटरला हवी तशी करून देणं हे इन्व्हर्टरचं काम. पोलाद घडवणाऱ्या घराण्यात सिलिकॉन आलं ते असं. पुढे ही सगळी कामं कल्याणी पॉवरट्रेन या उपकंपनीखाली आणली गेली.

या वाटेचा जमाखर्च सांगायला हवा. टॉर्कची क्रॅटोस ही मोटरसायकल जानेवारी २०२२मध्ये बाजारात आली. पण विजेच्या दुचाकींचा बाजार स्कूटरनं व्यापला. मोटरसायकल घेणारा गडी पेट्रोल सोडायला तयार झाला नाही. त्यात जून २०२३मध्ये फेमचं अनुदान कारखाना-किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत उतरलं आणि छोट्या कंपन्यांचा श्वास कोंडला. टेव्हाची अवस्था त्याहून वाईट झाली. जून २०२४मध्ये ती प्रशासकांच्या हाती गेली. भारत फोर्जच्या आकाराच्या कंपनीला हे नुकसान सोसण्याजोगं होतं. मला मात्र यात एक गोष्ट ठळक दिसते. आख्खी गाडी विकणं हा गिऱ्हाइकाच्या मनाचा, वितरकांचा आणि जाहिरातीचा धंदा आहे. साठ वर्षं दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम, दुसऱ्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या वस्तूंचे भाग अचूक बनवणाऱ्या कारखान्याचा तो पिंडच नव्हे.

दुसरी वाट मुंढव्याच्या पिंडाला धरून होती, आणि ती जायची ॲल्युमिनियमकडे.

विजेच्या मोटारीत क्रँकशाफ्ट नसतो, कनेक्टिंग रॉड नसतो, कॅमशाफ्ट नसतो. पण चाकं असतात. चाकाला धरणारा नकल असतो, कंट्रोल आर्म असतो, स्टिअरिंगचे दांडे असतात, मोटरच्या रोटरचा शाफ्ट आणि वेग उतरवणारी गिअर असतात. शिवाय मोठ्या मोटारीतला बॅटरीचा संच काहीशे किलोंचा. हे वजन कुठून तरी वसूल करावं लागतं, म्हणून निलंबनाचे भाग पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे करण्याकडे कल वाढला. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश.

धातू बदलला की काम बदलतं. पोलाद तापलं की रंग दाखवतं. जुना हॅमरवाला त्याच जोरावर काम करायचा. ॲल्युमिनियम चारशे-पाचशे अंशांवर घडवतात आणि तेव्हा ते डोळ्यांना अगदी थंडच्या थंड दिसतं. पंचवीस-तीस अंश जास्त झाले तरी आतली रचना बिघडायला सुरुवात होते आणि वरून कळत नाही. नजर इथं उपयोगाची नाही, मोजमापच हवं. डायही तापवून ठेवावी लागते, वंगण वेगळं लागतं, कारण हा धातू डायला चिकटायला टपलेला असतो. घडवून झाल्यावर पुन्हा तापवायचं, पाण्यात विझवायचं आणि मंद आचेवर काही तास मुरू द्यायचं, तेव्हा कुठं पुरी ताकद येते. सॅक्सनीतल्या कारखान्याला हे सगळं ठाऊक होतं. २००४मध्ये तो घेतला तेव्हा विजेच्या गाड्यांचा विषयही नव्हता. जर्मन महागड्या मोटारी हलक्या करायच्या होत्या, एवढंच. पंधरा वर्षांनी तेच ज्ञान कामी आलं. याला दूरदृष्टी म्हणायचा मोह होईल, पण मला तो निव्वळ चांगला योग वाटतो. हातात आलेली विद्या कंपनीनं मोडीत काढली नाही, श्रेय द्यायचं ते त्याचं.

२०१९मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनात सॅनफर्डजवळ ॲल्युमिनियम फोर्जिंगचा नवा कारखाना जाहीर झाला. गुंतवणूक सुमारे १७ कोटी डॉलरची. मध्ये कोविड आला. नवा कारखाना, नवी माणसं, युरोपातली महागलेली वीज, गिऱ्हाइकांच्या लांबलेल्या विजेच्या गाड्या अशा सगळ्या गोष्टी जुळून आल्या आणि परदेशातल्या उपकंपन्यांनी बराच काळ मुंढव्याच्या नफ्यावर भार टाकला. म्हणजे विजेच्या गाडीची तयारी करायला पैसा कुठून आला, तर डिझेल ट्रकच्या क्रँकशाफ्टमधून. हे अवघड वाटलं तरी लपवण्यासारखं नाही. पुण्यात, औरंगाबादेत, चाकणला जे जे इंजिनचे भाग बनवतात आणि आता मोटरकडे वळताहेत, त्या सगळ्यांच्या ताळेबंदाची हीच तऱ्हा आहे.

डिझेल ट्रक या हिशेबात इतकी वर्षं पुरतो त्याला कारण आहे. आपल्याकडे आधी वीज आली ती तीनचाकींत, मग दुचाकींत, शहराच्या बसमध्ये. नाशिकहून कांदा भरून दिल्लीला जाणाऱ्या ट्रकला रोज शेकडो किलोमीटर तोडायचे असतात. तेवढी बॅटरी लादली तर भाड्याच्या मालाची जागा आणि वजन तीच खाते, आणि वाटेत चार्जिंगला तासन्‌तास थांबणं मालकाला परवडत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकसाठी ५०० कोटींची तरतूद आहे. आरंभ म्हणून ठीक. बंदरं, सिमेंट कारखाने, खाणी अशा ठरलेल्या छोट्या फेऱ्यांवर विजेचे ट्रक आधी येतील. घाट चढणारा लांब पल्ल्याचा ट्रक शेवटी वळेल.

या अवधीत कारखान्याचा तोल प्रत्यक्षात सावरला तो तिसऱ्याच बाजूनं, तोफांनी. पुण्याच्या आयुध संशोधन आस्थापनेबरोबर, म्हणजे डीआरडीओच्या एआरडीईबरोबर, १५५ मिलिमीटरच्या ओढत्या तोफेवर कंपनी वर्षानुवर्षं काम करत होती. १५ ऑगस्ट २०२२ला लाल किल्ल्यावरच्या सलामीत ही एटॅग्ज तोफ वाजली. मार्च २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयानं ३०७ तोफांसाठी करार केले, तोफा ओढणाऱ्या वाहनांसह सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे. त्यात मोठा वाटा भारत फोर्जचा. तोफेची नळी हेही शेवटी घडीव पोलादच. ओतकामाची बाजू २०२२मध्ये कोइंबतूरची जेएस ऑटोकास्ट घेऊन भक्कम केली होती. पवनचक्क्या आणि शेतीयंत्रांचं गिऱ्हाईक तिच्याबरोबर आलं.

मुंढवा आता पुण्याच्या बाहेर राहिलेला नाही. एका बाजूला कोरेगाव पार्क, दुसऱ्या बाजूला मगरपट्टा, मधे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती. त्यांच्या शेजारी अजून पोलाद बाराशे अंशांवर तापतं, हे तिथून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं.

अलीकडची मोठी खरेदी मात्र वीज आणि डिझेल या वादाच्या बाहेरची आहे. अमेरिकन ॲक्सल या कंपनीचा भारतातला व्यापारी वाहनांच्या ॲक्सलचा व्यवसाय ५४४ कोटी रुपयांना घ्यायचं ऑक्टोबर २०२४मध्ये ठरलं आणि २०२५मध्ये तो व्यवहार पुरा झाला. आजवर मुंढव्याहून ॲक्सलचा बीम जायचा, तोही घडीव कच्च्या किंवा मशिन केलेल्या रूपात; गिअर, डिफरन्शियल, जोडणी हे काम दुसऱ्याचं. आता तयार ॲक्सलच ट्रक कंपनीला देता येईल. गाडी डिझेलची असो वा विजेची, ओझं शेवटी ॲक्सलवरच येतं. त्यातच मोटर आणि इन्व्हर्टर बसवले की विजेच्या ट्रकचा ई-ॲक्सल होतो. त्याचे धातूचे भाग मुंढव्याच्या भट्टीतून निघू शकतात, आणि मोटर-इन्व्हर्टरची शिकवणी कल्याणी पॉवरट्रेननं, फी मोजून का होईना, आधीच लावलेली आहे.